रॅकेट, पॅडल आणि ग्रिप निवडताना या चुका टाळा

खेळ मनासारखा होईनासा झाला की दोष सर्वप्रथम रॅकेटच्या माथ्याला दिला जातो. फ्रेम फार कडक आहे, गटिंग म्हणजे तारांची जाळी सैल पडली आहे, पॅडलवर चेंडूला फिरकी बसत नाही, अशा तक्रारी सुरू होतात आणि त्यांच्या जोरावर नवी, बहुधा अधिक महाग रॅकेट घेतली जाते. वास्तविक खेळाडूचा हात रॅकेटला लागतो तो फक्त मुठीपाशी, आणि फटक्याच्या क्षणी रॅकेटचा माथा कोणत्या कोनात आहे याची जाणीवही तिथूनच तळहाताला होते. म्हणून तपासणीची सुरुवात मुठीपासून करावी. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात आणि नव्या खरेदीची गरज उरत नाही.

मुठीचा आकार अंदाजाने घेणे

पहिला गोंधळ आकड्यांचा असतो. टेनिसमध्ये एल2 पेक्षा एल3 ही मूठ जाड असते, तर बॅडमिंटनच्या प्रचलित पद्धतीत जी5 ही जी4 पेक्षा बारीक असते. बॅडमिंटन रॅकेटच्या वजनाचेही तसेच आहे : 3यू म्हणजे साधारण 85 ते 89 ग्रॅम, तर 4यू म्हणजे 80 ते 84 ग्रॅम. मोठा आकडा म्हणजे मोठी किंवा जड वस्तू, असे गृहीत धरून मागणी नोंदवणाऱ्याच्या हाती नेमकी उलट रॅकेट पडते. शिवाय सर्व कंपन्यांची खूण एकसारखी नसल्यामुळे, कोड न पाहता घेर किती मिलिमीटर आहे हे पाहणे अधिक सुरक्षित असते.

टेनिससाठी मोजण्याची पद्धत सोपी आहे. पंजा सरळ पसरून तळहातावरील मधल्या आडव्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंतचे अंतर पट्टीने घ्यावे. ते 108 मिलिमीटरच्या आसपास भरले तर सव्वाचार इंच घेराची, म्हणजे एल2 ची मूठ जवळपास योग्य ठरते. त्यापुढील प्रत्येक आकार एक अष्टमांश इंचाने, म्हणजे सुमारे 3 मिलिमीटरने वाढतो. रॅकेट हातात असेल तर फोरहँडची पकड घेऊन बोटांची टोके आणि अंगठ्याखालचा उंचवटा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी सरकवून पाहावी. ती जेमतेम मावली तर आकार बरोबर आहे. शिरतच नसेल तर मूठ बारीक आहे, आणि सैलसर राहत असेल तर जाड आहे. दोन आकारांच्या मध्ये अडकल्यास बारीक आकार घ्यावा, कारण ओव्हरग्रिप, म्हणजे मूळ ग्रिपवर गुंडाळायची पातळ पट्टी, चढवून मूठ वाढवता येते, पण जाड मूठ तासून कमी करणे आजच्या बहुतेक रॅकेटमध्ये शक्य नसते.

बॅडमिंटनला मात्र हे माप जसेच्या तसे लावू नये. तिथे फटका बोटांच्या आवळण्यातून आणि मनगटाजवळच्या हाताच्या फिरण्यातून येतो, त्यामुळे बारीक मूठ सोयीची पडते. मूठ जाड झाली की तिच्या आठ कडा बोटांना जाणवेनाशा होतात. फोरहँडवरून बॅकहँडवर येताना अंगठा कडेच्या रुंद सपाटीवर बसला की नाही हे नजरेने पाहावे लागते आणि तेवढ्यात शटल निघून गेलेले असते. ‘माझा बॅकहँड कच्चा आहे’ ही तक्रार कित्येकदा मुठीवरच्या तिसऱ्या थराची असते.

रॅकेट हातात फिरते, पण केव्हा?

चेंडू मध्यभागाबाहेर लागला की रॅकेट हातात वळते, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि तिच्यावर सरसकट जाड ग्रिप लावण्याचा सल्ला दिला जातो. त्याआधी रॅकेट नेमकी केव्हा फिरते हे पाहावे. पहिल्या दहा मिनिटांत, हात कोरडा असतानाच ती फिरत असेल तर मूठ बारीक आहे किंवा ग्रिप गुळगुळीत झाली आहे. सुरुवातीला सर्व ठीक असून घाम आल्यावरच ती निसटू लागत असेल तर आकाराचा काही संबंध नाही. प्रश्न ग्रिपच्या प्रकाराचा आहे. चिकट पृष्ठभागाची ग्रिप कोरड्या हातात उत्तम बसते, पण भरपूर घाम येणाऱ्या हातात तीच निसरडी होते. अशा खेळाडूने घाम शोषणारी कोरड्या स्पर्शाची ग्रिप किंवा सुती टॉवेल ग्रिप वापरावी. टॉवेल ग्रिप लवकर मळते, ओली झाल्यावर जड होते आणि वारंवार बदलावी लागते, हे धरूनच ती निवडावी.

निसटत्या मुठीचा खरा तोटा रॅकेट उडून जाण्यात नाही. निसटेल या भीतीने खेळाडू दोन फटक्यांच्या मधल्या वेळातही मूठ आवळून धरतो आणि त्याचा पंजा व कोपरापर्यंतचा हात विनाकारण थकतो.

थरावर थर, आणि बिघडलेला तोल

जुनी ओव्हरग्रिप न काढता तिच्यावर नवी गुंडाळणे ही सवय फार आढळते. एका ओव्हरग्रिपने मूठ साधारण अर्ध्या आकाराने वाढते असे धरले जाते. म्हणजे दोन थरांत पूर्ण एक आकार बदलतो. वजनाचा हिशेब तर कोणी करतच नाही. समजा, 85 ग्रॅमच्या बॅडमिंटन रॅकेटचा तोलबिंदू, म्हणजे ती बोटावर आडवी तोलून राहते ती जागा, बुडापासून 295 मिलिमीटरवर आहे. तिच्या मुठीवर 5 ग्रॅमची ओव्हरग्रिप चढवली आणि त्या वजनाचा मध्य बुडापासून 85 मिलिमीटरवर आला, तर नवा तोलबिंदू सुमारे 283 मिलिमीटरवर येतो. माहितीपत्रकाप्रमाणे माथ्याकडे जड असलेली रॅकेट आकड्यांत मुठीकडे जड झाली.

येथे एक सूक्ष्म फरक लक्षात घ्यावा. तोलबिंदू एवढा सरकला तरी रॅकेट फिरवताना माथ्याचा जडपणा जवळजवळ तेवढाच राहतो, कारण वाढलेले वजन मुठीतच, फिरण्याच्या केंद्राजवळ असते. त्यामुळे जड माथ्याची रॅकेट मुठीवर थर चढवून ‘हलकी’ करण्याचा प्रयत्न फारसा फळत नाही. एकूण वजन तेवढे वाढते. स्मॅश उशिरा लागत असेल तर कमी तोलबिंदूची किंवा एका श्रेणीने हलकी रॅकेट घ्यावी.

गुंडाळण्यातील चुका किरकोळ, पण त्रासदायक असतात. नव्या ओव्हरग्रिपवरील पातळ प्लास्टिकचा पापुद्रा काढायचा राहून जातो आणि ग्रिप निकृष्ट असल्याची तक्रार होते. डावखुऱ्या खेळाडूने गुंडाळण्याची दिशा उलट ठेवावी, नाहीतर खेळताना कडा उचलल्या जातात.

दुखणे आणि अनुकरण

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागले की सर्व खापर मुठीच्या आकारावर फोडले जाते. त्यामागे फार ताणलेल्या तारा, कडक फ्रेम, सदोष बॅकहँड किंवा अचानक वाढवलेला सराव यांपैकी काहीही असू शकते. टेनिसच्या तारांमध्ये बसवायचा छोटा रबरी डँपनर तारांचा आवाज आणि कंप कमी करतो, फटक्याचा धक्का नाही. त्याला औषध समजू नये. दुखणे टिकून असेल तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. व्यावसायिक खेळाडूंचा ताण पाहून बॅडमिंटनच्या तारा 28 ते 30 पौंडांवर ओढून घेणेही असेच महागात पडते : ताण वाढला की रॅकेटचा परिणामकारक भाग आकसतो, आणि फ्रेमवर छापलेली मर्यादा ओलांडली तर फ्रेमही फुटते.

पिकलबॉलचे पॅडल आणि टेबल टेनिसची बॅट

पिकलबॉलमध्ये पॅडलची लांबी आणि रुंदी मिळून 24 इंचांपेक्षा जास्त चालत नाही आणि लांबी 17 इंचांच्या आत असावी लागते. त्यामुळे लांब पॅडलचा पल्ला फुकट मिळत नाही : 16 इंच लांबीला 8 इंच रुंदी मिळू शकते, साडेसोळा इंचांना साडेसातच. नवख्या खेळाडूने रुंद आकार आणि 16 मिलिमीटर जाडीचा गाभा घेणे शहाणपणाचे, कारण जाड गाभ्यावर चेंडू जरा शांत राहतो आणि जाळीजवळचे हलके फटके आवरता येतात. 13 किंवा 14 मिलिमीटरवर तो सहसा अधिक वेगाने सुटतो. दोन हातांनी बॅकहँड मारणाऱ्याने मात्र मुठीची लांबी आधी पाहावी. दुसऱ्या हाताची बोटे पॅडलच्या पृष्ठभागावर चढत असतील तर ती मूठ त्याच्यासाठी आखूड आहे.

टेबल टेनिसमध्ये वेगाचा आकडा पाहून तयार बॅट घेण्याची चूक सर्वाधिक होते. सुरुवातीला पाच थरांचे लाकडी ऑलराउंड (सर्व प्रकारच्या खेळाला चालणारे) ब्लेड, म्हणजे बॅटचा रबराखालचा लाकडी भाग, आणि मध्यम जाडीच्या स्पंजचे रबर पुरते. स्पर्धेत खेळायचे असेल तर रबर आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यताप्राप्त यादीतील आहे का, त्याची जाडी स्पंजसह 4 मिलिमीटरच्या आत आहे का आणि बॅटची एक बाजू काळी आहे का, हे आधीच पाहून घ्यावे. खेळ झाल्यावर रबर किंचित ओल्या स्पंजने पुसून, वाळवून त्यावर संरक्षक फिल्म लावावी आणि बॅट उन्हात ठेवू नये. पुसूनही पृष्ठभाग चकचकीत व निसरडाच राहत असेल, तर ब्लेड न बदलता फक्त रबर बदलावे.