आर्किटेक्टचं ड्रॉइंग हातात आलं की आधी सपाट भाग शोधा

चांदीकामात हात बसला की कधीतरी एखादा आर्किटेक्ट चहाच्या सेटचं नाहीतर तबकाचं ड्रॉइंग घेऊन येतोच. काम जरूर घ्या. पैसे बेताचेच सुटतात, पण आपल्याला एरवी सुचलाच नसता असा आकार घडवायला मिळतो. फक्त होकार देण्याआधी ड्रॉइंगमध्ये मोठा सपाट भाग कुठे आहे ते बघा.

माझं घोडं तिथेच अडलं. चौकोनी चहादाणी होती, चारही बाजू कोऱ्या, आरसा पॉलिश. कागदावर देखणी. पत्रा कापला, कडा घासून जुळवल्या, तोवर सगळं सरळ. डाख द्यायला, म्हणजे सांधे वितळत्या धातूने जोडायला, तापवली आणि निवल्यावर बघतो तर बाजूंना पोट सुटलेलं. बोटाने दाबलं की टक् करून आत, दुसरीकडून दाबलं की बाहेर. होतं असं की सगळा पत्रा एकदम तापत नाही. मधला भाग तापून पसरू बघतो, तुलनेने थंड कडा त्याला धरून ठेवतात, मग तो जाणार कुठे? वर उचलला जातो. त्यात ठोकून आलेला ताठपणा डाखाच्या आचेने जातो, पत्रा मऊ पडतो. पुढे पॉलिश झाकेल म्हणाल, तर ते उलट चुगली करतं. खिडकीची चौकट त्यात नागमोडी दिसायला लागते. घासून सपाट करायला जावं, तर कुठेतरी पत्रा कागदासारखा होतो.

‘जाड पत्रा घे’ हा सल्ला हमखास मिळेल. हिशोब करा. 20 सेंमी चौरसाचा 1 मिमी स्टर्लिंग (92.5 टक्के चांदीचा) पत्रा जवळपास 415 ग्रॅम भरतो, 1.5 मिमीचा 620 च्या पुढे. एवढी चांदी कोणाच्या खिशातून जाणार? आणि भरलेली चहादाणी एका हाताने उचलायची असते, हेही ड्रॉइंगमध्ये लिहिलेलं नसतं.

उपाय आहे, घाबरू नका. सपाट बाजूला आधीच नखभर फुगवटा द्या. डोळ्याला ती सपाटच वाटते आणि पत्रा ताठ राहतो. आर्किटेक्ट कुरकुरला तर त्याला अथेन्सच्या पार्थेनॉनची, त्या प्राचीन ग्रीक मंदिराची, आठवण करून द्या. त्याच्या चौथऱ्याची लांब बाजू जवळजवळ 70 मीटर आहे आणि मधे ती सुमारे 11 सेंमी उचललेली आहे. हे त्याने कॉलेजातच शिकलेलं असतं. माझ्या अनुभवात या एका वाक्यावर लोक वितळतात.

फुगवटा नकोच असेल, तर आरसा पॉलिशचा हट्ट सोडायला सांगा. योझेफ होफमान स्वतः आर्किटेक्ट. 1903 साली व्हिएन्नात सुरू झालेल्या ‘वीनर वेर्कस्टेट’ या कलाकार-कारागिरांच्या कार्यशाळेसाठी त्याने काढलेल्या कितीतरी भांड्यांवर हातोडीचे ठोके मुद्दाम ठेवलेले आहेत. ठोक्यांच्या पृष्ठभागात बारीक लाट दिसून येत नाही.

थ्रीडी प्रिंटच्या मॉडेलवर मात्र विसंबू नका. प्रमाण बघायला ते ठीक, पण त्या प्लॅस्टिकला डाखाची आच कुठे लागते? त्याच जाडीच्या तांब्याच्या पत्र्यात एक कोपरा डाख देऊन बघा आणि तो आर्किटेक्टच्या हातात द्या. ‘ड्रॉइंगप्रमाणे करून दे, पुढचं ते बघतील’ म्हणणारे उस्तादही भेटतील. ते बघत नाहीत. परत आलेलं भांडं आपल्याच ऐरणीवर येतं.

मुठीचंही आधीच बोला. धातूंमध्ये चांदीइतकी उष्णता कोणीच वाहून नेत नाही, त्यामुळे अखंड चांदीची मूठ हात भाजते. लाकूड तरी घाला, नाहीतर मूठ आणि भांड्याच्या मधे उष्णता अडवणारी चकती.

आणि नावाचं. वीनर वेर्कस्टेटच्या भांड्यांवर आराखडा करणाऱ्याच्या ठशाबरोबर घडवणाऱ्या कारागिराचाही ठसा असे. काम ठरतानाच तेवढं मागून घ्या, संकोच करू नका. ठशाची जागा ड्रॉइंगमध्येच तळावर दाखवून घ्या आणि तळ जोडण्याआधीच ठसा मारा. भांडं बंद झाल्यावर आतून आधार देता येत नाही आणि तळाला खड्डा पडतो.