दार लावून घेण्याची घाई: हिवाळ्यात घरातल्या या चुका टाळा

माझी मामेबहीण टोरांटोजवळ राहते. नोव्हेंबर सरता सरता तिच्या अंगणात बर्फ साचतो, आणि व्हिडिओ कॉलवर बाई अर्ध्या बाह्यांच्या कुडत्यात! इकडे मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात स्वेटर, त्यावर शाल, कानाला मफलर. "तुमच्याकडे किती आहे गं?" ती विचारते. नऊ म्हटलं की हसते. तिच्याकडे उणे नऊ. पण तिची थंडी दाराबाहेर थांबते, आमची घरात येऊन बसते.

त्याला कारण आमची घरं. मे महिन्यातले 45 अंश सोसायचे म्हणून ती बांधलेली. वर टिनं किंवा कवेलू, भिंत आणि छपराच्या मधे हवेला मोकळी फट, खिडकीला नुसती जाळी. हिवाळा म्हणजे दोन महिन्यांचा पाहुणा, त्याच्यासाठी कोण घर बांधतो? 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. त्या दिवसांत आम्हीही फटींमध्ये पोती कोंबली आणि झालं. थंडी पडली की आपण दोनच गोष्टी करतो, दिसेल ते बंद करतो आणि आत काहीतरी पेटवतो. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतच्या बहुतेक चुका या दोन सवयींतून निघतात. त्यातल्या बऱ्याचशा मी स्वतः केलेल्या आहेत.

निखारे आत, दार बंद

पौषातली रात्र होती. संध्याकाळी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे केले होते, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. गोवऱ्यांचे निखारे बरेच उरले. फेकायचे कशाला, म्हणून सासूबाईंनी घमेल्यात भरून झोपायच्या खोलीत आणले. मी दार लावलं, दाराखालच्या फटीत पोतं सरकवलं. धूर अजिबात नव्हता, निखारे कसे लालबुंद. खोली इतकी छान तापली की मुलानं पांघरूण लाथाडून दिलं.

तीनच्या सुमारास सासूबाई उठून बसल्या. डोकं ठणकतंय, मळमळतंय म्हणाल्या. मला वाटलं रोडगे बाधले. तुपात बुडवून चार खाल्लेले मी पाहिले होते. ओवा चावायला दिला आणि म्हटलं, पडून राहा आई. माझंही डोकं जड होतं, पण अर्धवट झोपेचं म्हणून सोडून दिलं. मग मुलाला लघवीला उठवायला गेले तर तो हलवूनही धड उठेना. तेव्हा घाबरले आणि दार उघडलं. माझ्या आवाजानं शेजारच्या आजी आल्या. खोलीत डोकावून त्या एवढंच म्हणाल्या, "पोरी, आधी ते घमेलं बाहेर काढ, मंग ओवा दे."

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "घरात काही पेटवलं होतं का?" आम्ही निभावलो. सगळेच निभावत नाहीत.

बंद खोलीत निखारा किंवा कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साईड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरतो, त्यामुळे श्वास चालू असतो पण अंगाला ऑक्सिजन पोचत नाही. आपली मोठी गैरसमजूत म्हणजे धूर नाही तर धोका नाही. खरं तर धूर परवडला, तो खोकला आणून जागं तरी करतो. बिनधुराचा निखारा गाढ झोपवतो.

एका खोलीतल्या दोघातिघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, गरगरतंय, उलटी होतेय, तर पोटाला दोष देऊ नका. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, मग दवाखाना गाठा. करोनाच्या साथीपासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर पडलेला आहे, तो लावून 98 दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. या वायूनं भरलेलं रक्त त्या यंत्राला ऑक्सिजनचंच वाटतं, आकडा चांगला दिसतो आणि माणूस आतून गुदमरत असतो. बहिणीच्या घरी भिंतीला या वायूसाठी भोंगाच लावलेला आहे. तिकडं घर तापवणाऱ्या यंत्राचा धूर बाहेर सोडणारी नळी बर्फानं बुजली तरी हाच वायू घरात साचतो, म्हणून तिचा नवरा फावडं घेऊन आधी त्या नळीभोवतीचा बर्फ काढतो, गाडीपुढचा नंतर. आपल्याकडे भोंगा नाही, तेव्हा शेगडी अंगणात किंवा ओसरीत. खोलीत आणायचीच तर दार उघडं ठेवून तासभर, आणि झोपायच्या आधी बाहेर.

ऊब हवी ना? मग खालून पांघरा. आपण अंगावर दोन ब्लँकेटं घेतो आणि खाली एक पातळ सतरंजी. शहाबादी फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. बाजेवर झोपणाऱ्याला तर खालून वारा लागतो. एक ब्लँकेट वरून काढून खाली घाला, फरक पहिल्याच रात्री कळेल. गाद्या-गोधड्या दुपारी उन्हात टाकाव्यात, पण चारच्या आत उचलाव्यात. सहाला उचललेली गोधडी ऊन नाही, ओल घेऊन घरात येते.

न्हाणीघरातली घाई

गॅसचा गिझर आणि बंद खिडकी ही त्याच चुकीची शहाणी बहीण. वायू तोच, जागा त्याहून लहान. गिझर न्हाणीच्या बाहेर लावा, निदान झरोका तरी वर्तमानपत्रानं बुजवू नका. सलग चार जणांच्या आंघोळी उरकायच्या असतील तर मधे दार उघडं टाका.

गावात गिझरपेक्षा बादलीत टाकायचा रॉड जास्त, आणि त्याच्या चुकाही जास्त. रॉड आधी पाण्यात, मग बटण. काढताना उलटं: बटण बंद, पिन बाहेर, मग रॉड. पाणी तापलं का म्हणून रॉड चालू असताना बोट बुडवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यात एक आमच्या घरातलेही. लोखंडी बादलीत रॉड टाकू नका. आणि 1500 वॅटचा रॉड दिव्याच्या साध्या सॉकेटला लावू नका. 230 व्होल्टवर तो साडेसहा अॅम्पिअर ओढतो, ते सॉकेट असतं 5-6 अॅम्पिअरचं. आधी पिन गरम होते, मग प्लास्टिक पिवळं पडतं, मग जळका वास येतो. पिवळं पडलं तिथंच थांबा. एवढं सगळं वाचून कंटाळा आला असेल तर चुलीवर पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवा. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांच्या, जाळावर तो लवकर तापतो.

कापूस घरात, आणि आपणही घरात

हे शहरातल्या वाचकांना खरं वाटणार नाही. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, करून पहिला वेचा घरी आला की हिवाळाभर अर्धी खोली कापसानं भरलेली असते, भाव वाढेल म्हणून. ढीग छपरापर्यंत गेला की घरातली माणसं उरलेल्या जागेत. पोरांना तर त्यावर उड्या मारून झोपायचं असतं, मऊ नि गरम.

झोपू देऊ नका. साठवलेल्या कापसातून अंगाला खाज सुटते, पोट-पाठीवर पुरळ उठतं, आणि ते खरजेचं समजून आपण मलमं चोळत बसतो. आमच्याकडे तीन ट्यूब संपल्या, मग पोराचं अंथरूण पलीकडच्या खोलीत हलवलं आणि आठवड्यात खाज गेली.

दुसरी चूक वेचणीच्या वेळेची. मजूर सकाळी लवकर येतात म्हणून दवातच वेचायला लावतो. तो ओला कापूस ढिगात दाबला की आतून तापतो आणि पिवळा पडतो. हात कोपरापर्यंत खुपसून पाहा, गरम लागला तर ढीग त्याच दिवशी उलथा. सरकारी खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तरच पूर्ण हमीभाव, त्यापुढे टक्क्यागणिक कपात, आणि 12 च्या वर गाडी परत. 2025-26 ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये ठरला, तेव्हा पहाटेच्या दवाची किंमत काय होते ते ज्याचं त्यानं मोजावं. दव उतरल्यावर वेचा.

आणि दिवा. लक्ष्मीपूजनाला आपण कापसाच्या ढिगालाच लक्ष्मी मानून हळद-कुंकू वाहतो, पुढे पणती लावतो. पणती उंबऱ्यापाशी लावली तरी लक्ष्मीला दिसते.

घराला टेकलेली गंजी

डिसेंबरात पऱ्हाटी उपटली की ती जळणासाठी परसात, अगदी भिंतीला टेकवून रचतात. शेजारी तुराट्या. जळण हाताशी राहतं, हे खरं. पण उंदीर त्यात घर करतात आणि उंदरामागे साप येतो. हिवाळ्यात साप निजलेले असतात हे घोणशीच्या बाबतीत विसरा. तिचा जोडीचा काळच थंडीचा, तेव्हा ती फिरते. अंधारात कुकरची शिट्टी बारीक सुरात वाजत राहावी तसा फुत्कार ऐकू आला तर हात मागे घ्या. गंजी घरापासून लांब रचा, खाली दगड-लाकडं घालून जमिनीपासून उचललेली ठेवा, आणि काटक्या काढायला जाताना आधी काठीनं ठोका. संध्याकाळी उजेड गेल्यावर जळण आणायला पोरांना पाठवू नका, दुपारीच ओट्यावर आणून ठेवा.

चावलंच तर चिरू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊन वेळ घालवू नका. पाय हलवू न देता 108 ला फोन किंवा मिळेल त्या गाडीनं सरकारी दवाखाना. घोणस, नाग, मण्यार, फुरसं या चौघांच्या विषावर दवाखान्यातलं एकच इंजेक्शन चालतं.

त्या गंजीची आणखी एक कटकट आहे. पऱ्हाटीवर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते. 2017 ला या अळीनं आपल्याकडच्या कापसाचं किती नुकसान केलं ते आठवत असेलच. कृषी विद्यापीठवाले फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर तीच झाडं राखून पुन्हा घेतलेलं पीक, घेऊ नका, पऱ्हाटी साठवू नका म्हणून दरवर्षी घसा कोरडा करतात. निदान किडकी बोंडं तरी झाडून जाळा.

झाकायचं ते झाकत नाही

गंमत म्हणजे जिथं खरंच झाकून ठेवायला हवं, तिथं आपण उघडं ठेवतो. दह्याचंच बघा. उन्हाळ्याच्या सवयीनं दूध कोमट करून चमचाभर विरजण लावायचं आणि फडताळात सारायचं. सकाळी दूधच. मग दूध खराब होतं असं म्हणून गवळ्याशी भांडण. विरजणाला 40 अंशांच्या आसपासची ऊब लागते. हिवाळ्यात दूध करंगळी जेमतेम सोसेल इतकं गरम घ्या, विरजण दीडपट करा, भांडं जाड कापडात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. विझत्या चुलीच्या कडेला ठेवलं तर त्याहून छान. तरी नाही लागलं तर फेकू नका, गरम पाण्याच्या परातीत तासभर ठेवा. बहुतेकदा लागतं.

खोबरेल तेल 24 अंशांखाली गोठतं, ते भेसळीचं म्हणून दुकानदाराला परत करू नका. बाटली उन्हात ठेवा. गॅसजवळ ठेवलेली प्लास्टिकची बाटली कशी वाकते ते मी पाहिलंय.

सिलिंडरची ज्योत बारीक होते म्हणून त्यावर उकळतं पाणी ओतणारे आहेत. थंडीत आतला दाब थोडा कमी होतो, एवढंच. ऊन चढलं की ज्योत आपोआप सुधारते.

संक्रांतीचे लाडू

वाणाला द्यायचे तिळाचे लाडू दगड झाले की दोष गुळाला जातो. चूक पाकाची. वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब टाका. बोटांत घेतल्यावर मऊ गोळी झाली तर लाडवाचा पाक तयार. टणकन मोडली तर तो चिक्कीचा. आपण लाडवाच्या पाकापाशी गप्पा मारत थांबतो आणि चिक्कीवर जाऊन पोचतो. थंडीत आणखी एक होतं, मिश्रण ताटात काढताच गारठतं आणि वळत नाही. कढई गरम पाण्याच्या परातीवर ठेवून दोघींनी वळा. आधीच दगड झालेले असतील तर ते खलबत्त्यात कुटून पुरणपोळीसारखं सारण भरून गूळपोळी करा, पाहुण्यांना आतली गोष्ट कळत नाही.

गोठ्याचं

लहान वासराला पोतं पांघरा, खालचं ओलं कुटार (भुसा) सकाळ-संध्याकाळ बदला. वरच्या ऊबेपेक्षा खालचं कोरडं महत्त्वाचं, जसं आपल्या गादीचं. गोठ्यात धूर करून दार लावू नका. कुटाराच्या ढिगाशेजारी धुनी ठेवून निवांत झोपणाऱ्यांना काय म्हणावं, मला शब्द सापडत नाहीत.

आणि फेब्रुवारी उजाडला की टिनांखालच्या फटीतली ती पोती आठवणीनं काढा. गेल्या वर्षी मी विसरले. मार्चमध्ये उकडायला लागल्यावर एक पोतं ओढलं, तर त्यात उंदरीण व्यालेली, सात पिल्लं.