राउटर तापतोय? या चुका टाळा

भर मे महिन्यात दुपारी वायफाय सारखं तुटायला लागलं की आपण आधी कंपनीला फोन लावतो. त्याआधी राउटरला हात लावून बघा. कोमट असेल तर चिंता नाही. चटका बसत असेल तर तो लगेच बंद करा.

बहुतेक घरगुती राउटर 0 ते 40 अंश सेल्सिअस तापमानात चालण्यासाठी बनवलेले असतात. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, त्यात राउटर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर! धूळ बसू नये म्हणून वर रुमाल टाकणं तर त्याहून वाईट. घरगुती राउटरला सहसा पंखा नसतो, जाळीतून हवा खेळली तरच तो थंड राहतो. त्याला भिंतीवर मोकळी जागा द्या.

पण खरा धोका अ‍ॅडॉप्टरचा आहे, कारण 230 व्होल्ट तिथे येतात. जुना जळाला की ड्रॉवरमधला, पिन बसेल तो लावून मोकळं होणं ही सर्रास होणारी चूक. राउटरच्या तळाशी '12 व्होल्ट, 1.5 अँपिअर' लिहिलं असेल तर व्होल्ट नेमके तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. 1 अँपिअरवालाही राउटर सुरू करेल, पण ताकदीबाहेर राबून तापत राहील. प्लस-मायनसची खूणही जुळवा आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का बघूनच घ्या. प्लास्टिक पिवळं पडलं, जळका वास आला, की तो अ‍ॅडॉप्टर फेकायचाच. सॉकेट ढिलं असेल तर पिनेपाशी ठिणग्या उडून ते काळं पडतं. कागदाची घडी खुपसून काम भागवू नका, सॉकेट बदला.

वीज जाते म्हणून मिनी यूपीएस, म्हणजे राउटर चालू ठेवणारे छोटे बॅटरीचे डबे, आले. त्यांत बहुतेकदा लिथियम-आयन सेल असतात, आणि लोक ते दुहेरी टेपने राउटरच्या पाठीलाच चिकटवतात. दोघं एकमेकांना तापवतात. यूपीएस वेगळा, कडक पृष्ठभागावर ठेवा. पडदा, गादी, पुस्तकं जवळ नकोत. फुगलेला दिसला तर चार्जिंग थांबवा, टोचू-दाबू नका, घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा केंद्रात द्या.

धूर दिसलाच, तर पाणी ओतू नका. हात पोहोचत असेल तर आधी मेन स्विच पाडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि 101 किंवा 112 ला फोन करा.