पावसाळ्यात लॉनमध्ये छत्र्या उगवतात? या चुका टाळा

चार दिवस झड लागली की लॉनमध्ये एका रात्रीत पांढऱ्या-तपकिरी कुत्र्याच्या छत्र्या उभ्या राहतात. लगेच हात जातो तो औषधाच्या बाटलीकडे आणि पहिली चूक तिथेच होते.

वरून बुरशीनाशक फवारणं

छत्री हे बुरशीचं फळ. खरी बुरशी पांढऱ्या तंतूंच्या जाळ्यासारखी मातीत आणि कुजत्या लाकडात पसरलेली असते. कार्बेन्डाझिम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड वरून फवारलं तरी तिथवर पोचत नाही. मीठ, व्हिनेगर किंवा ब्लीचिंग पावडर टाकली तर गवतच जळतं. बहुतेक छत्र्या गवताला त्रास देत नाहीत आणि ऊन पडलं की वाळून जातात.

घरात लहान मुलं किंवा कुत्रा असेल तर मात्र त्या रोज सकाळी काढा. टोपी उघडण्याआधी, हातमोजे घालून, देठासकट उपटा आणि पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. वरून मशीन फिरवू नका. तुकडे लॉनभर विखुरतात आणि मग वेचणं कठीण होतं.

खालचं लाकूड विसरणं

छत्र्या दरवर्षी त्याच जागी येत असतील तर तिथे खणून पाहा. तोडलेल्या झाडाचा बुंधा, जाड मुळं, बांधकामाच्या वेळी भरावात गाडलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या असं काहीतरी हमखास सापडतं. ते काढून खड्डा नव्या मातीने भरा. मोठा बुंधा निघण्यासारखा नसेल तर तो कुजून संपेपर्यंत, म्हणजे काही वर्षं, छत्र्या येत राहणार हे धरून चाला.

कच्चं शेणखत आणि संध्याकाळचं पाणी

शेणाचा वास येणारं, काड्या दिसणारं खत लॉनवर पसरू नका. पूर्ण कुजलेलं खत काळसर आणि भुसभुशीत असतं. तेही चाळून, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ थरात द्या. मेक्सिकन गवत दाट वाढतं आणि त्याच्या बुडाशी वाळलेल्या काड्यांचा थर साचतो. हा थर सव्वा सेंटिमीटरच्या वर गेला तर दाताळ्याने ओरबाडून काढा. हे काम गवत जोमात वाढत असताना करा, म्हणजे ते लवकर सावरतं.

पाणी पहाटे द्या, म्हणजे दिवसभरात पाती सुकतात. पावसात टायमर बंद ठेवा. उन्हाळ्यातही रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, एकूण चौरस मीटरला साधारण २५ लिटर द्या. हलकी, मुरमाड जमीन असेल तर तेवढंच पाणी तीन-चार वेळांत विभागा. काळ्या मातीत पाणी तुंबतं, म्हणून बागकामाच्या काट्याने (फोर्कने) १० सेंटिमीटर खोल, १५ सेंटिमीटरच्या अंतराने भोकं पाडा. माती चिकचिकीत असताना हे केलं तर ती आणखी घट्ट बसते, तेव्हा उघडीप बघूनच करा.

छत्र्यांचं कडं हलक्यात घेणं

छत्र्या गोलाकार रांगेत आल्या आणि कड्यावरचं गवत गडद हिरवं किंवा वाळलेलं दिसलं, तर मात्र लक्ष द्या. बुरशी सेंद्रिय पदार्थ कुजवून नत्र मोकळं करते, म्हणून पट्टा हिरवागार होतो. पण तिचे तंतू फार दाट झाले की माती पाणी शोषत नाही आणि भर पावसातही गवत तहानेने मरतं.

अशा पट्ट्यात आणि दोन्ही बाजूंना फूटभर अंतरापर्यंत एकमेकांच्या जवळ भोकं पाडा, बादलीभर पाण्यात चमचाभर सौम्य द्रवरूप साबण मिसळून ओता आणि त्यावर साधं पाणी खोलवर मुरवा. काही आठवडे हे करत राहा. फक्त हिरवा पट्टा उठून दिसत असेल तर बाकीच्या लॉनला १०० चौरस फुटांना १०० ग्रॅम युरिया द्या. पाती कोरडी असताना फेका आणि लगेच पाणी मारा, नाहीतर पाती करपतात.

खाऊन बघणं

ही चूक जीवावर बेतू शकते. लॉनवर येणारी पांढरी, तपकिरी खवल्यांची मोठी छत्री खाण्याच्या अळंबीसारखी दिसते, पण टोपी पिकल्यावर तिच्या खालच्या पापुद्र्यांवर हिरवट झाक येते. ती विषारी आहे. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. लसूण किंवा चांदीचं नाणं काळं पडतं का, ही परीक्षा निरुपयोगी आहे. मुलाने तुकडा खाल्ला असेल तर लक्षणांची वाट पाहू नका, कारण काही जातींचं विष सहा तास किंवा त्याहून उशिरा दिसतं. उरलेली छत्री प्लास्टिकमध्ये नव्हे, कागदात गुंडाळून सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.