शनिवारी राइड, शुक्रवारी सर्व्हिसिंग? लांबच्या चॅरिटी राइडआधी या चुका टाळा

शनिवारी पहाटे निघायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी गाडी मिस्त्रीकडे टाकायची, ही आपल्या इंदूरच्या रायडर मंडळींची सगळ्यात लाडकी चूक आणि ती मी पण केलीय म्हणून हक्काने बोलतोय. माझी गाडी १५० सीसीची, मीटर ९० हजारांच्या पुढे गेलंय. लहान मुलांच्या कॅन्सर उपचारासाठी पैसे जमवायला आम्ही सात जण इंदूरहून नाशिकला निघालो होतो, चारशे किमीच्या आसपास, लोकांनी किलोमीटरमागे इतके रुपये असं ठरवून दिलेले. आदल्या रात्री मिस्त्रीने गाडी मेन स्टँडवर घेतली, चेन ढिली दिसली, ताणून दिली, मी पण बोटाने दाबून "वा, मस्त टाइट" म्हटलं. मानपूर गेलं, खलघाटला नर्मदा ओलांडली तोवर मागून गुरगुर सुरू झालेली आणि सेंधव्याला चहाला थांबून चेनला हात लावला तर चटकाच बसला.

झालं काय होतं, तर मेन स्टँडवर मागचं चाक लोंबकळतं. मी बसलो, मागे १५ किलोची बॅग बांधली की शॉकअप दबतात, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) वर सरकतो आणि पुढची गरारी म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, स्विंगआर्म जिथे फिरतो तो पिव्होट आणि मागचा एक्सल एका रेषेत यायला लागले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. मग रिकाम्या गाडीवर जी चेन "मस्त टाइट" होती ती लोड आल्यावर वीणेच्या तारेसारखी झाली, आणि हा ताण नुसता चेनला नाही, गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या बेअरिंगला पण बसतो, ते गेलं तर इंजिनच उघडावं लागतं. बहुतेक कम्युटर गाड्यांना खालच्या बाजूला मधोमध २० ते ३० मिमी ढील लागते, आकडा आपल्या मॅन्युअलमधला घ्या. आणि चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, जिथे सगळ्यात टाइट आहे तिथलं माप धरायचं. थोडी ढिली चेन चालेल, टाइट नको.

तर सर्व्हिसिंग राइडच्या दहा-बारा दिवस आधी. आणि मग जेवढं सामान नेणार तेवढंच बांधून महेश्वरला जाऊन या, जाऊन-येऊन पावणेदोनशे-दोनशे किमी होतात, घाट पण लागतो, दर्शन होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना गाडीखाली बघा, ऑइलचा थेंब पडलाय का, ड्रेन बोल्टचा वायसर नवा टाकला होता का जुनाच दाबलाय, एक्सलचा नट, चेनची ढील, ऑइल लेव्हल. जे काही सुटायचंय ते इथे घरी सुटू दे.

नवीन टायरचं पण तेच. नवा टायर पहिले शंभर-दीडशे किमी गुळगुळीत असतो, कोपऱ्यात भरवसा नाही, आणि लोक नेमका आदल्या दिवशी टाकतात. डिस्क पॅड नवे टाकले तरी ते डिस्कवर बसायला थोडी रनिंग लागते. टायर विकत घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा, २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३ वा आठवडा, दुकानदाराला वाईट वाटेल वाटू दे. हवा गार टायरमध्ये मोजा, सामान असेल तर डबलसीटचं प्रेशर भरा. सेंधव्याला गरम टायरची हवा "जास्त झाली" म्हणून काढणारे लोक मी पाहिलेत, अरे बाबा ती गरमीने वाढलीय, गार झाल्यावर कमी भरेल ना.

आता ऑइल. कारचं उरलेलं महागडं सिंथेटिक बाईकमध्ये ओतू नका. आपल्या बहुतेक बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्याने क्लच घसरतो, चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी सरकत नाही. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाईकच्या ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलं बघा आणि ग्रेड मॅन्युअलप्रमाणे घ्या, १०डब्ल्यू३० वाल्या गाडीत "लांब जायचंय म्हणून जाड" नको. लेव्हल बघताना गाडी सरळ उभी पाहिजे, आणि डिपस्टिक पेचात फिरवून मोजायची का नुसती टेकवून हे पण मॅन्युअलमध्येच बघा, कारण गाडीगणिक फरक असतो आणि तिथेच लोक चुकून ऑइल जास्त भरतात.

टॅपेटवर, म्हणजे वॉल्व्ह ढकलणाऱ्या भागात मुद्दाम ठेवलेल्या फटीवर, मात्र माझं मिस्त्री लोकांशी कायमचं भांडण आहे. गाडी जुनी झाली की थोडी टिकटिक येते, आपल्याला आवडत नाही, मिस्त्री "भिया, एकदम सायलेंट करून देतो" म्हणतो आणि फट कमी करून टाकतो. ती फट मुळातच केसाच्या जाडीएवढी. तासन्‌तास हायवेवर इंजिन तापलं की वॉल्व्ह लांबतो, फटच उरली नाही तर तो नीट बसत नाही, आणि एक्झॉस्ट वॉल्व्हची गरमी बाहेर जायचा मोठा रस्ता म्हणजे त्याचं सीटवर टेकणं. नाही टेकला की जळतो. टॅपेट गार इंजिनवर फिलर गेजनेच (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सेट करून घ्या. बारीक टिकटिक असलेली चांगली.

चेनला लुब्रिकेशन सकाळी निघताना नाही, संध्याकाळी पोचल्यावर गरम असताना, म्हणजे रात्रभर मुरतं, चाकावर उडत नाही. रॉकेलने साफ, ९० नंबरचं गिअर ऑइल, साधारण ५०० किमीला एकदा, पावसात त्याच्या आधी. ओ-रिंगवाली (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश लांब ठेवा. ज्यांना आयर्न बट असोसिएशन या लांब पल्ल्याच्या रायडर्सच्या अमेरिकन संस्थेची सॅडलसोर १००० राइड खुणावतेय, २४ तासांत १००० मैल म्हणजे १६०९ किमी, त्यांना वाटेतच दोन-तीनदा हे करायला लागेल. उलट डिस्टिंग्विश्ड जेंटलमन्स राइड, २०१२ मध्ये सिडनीत सुरू झालेली, सूट-टाय घालून शहरात हळूहळू फिरायची, तिथे हे काही लागत नाही, तिथे इस्त्री लागते.

ब्रेक. याच वाटेवरच्या गणपती घाटात ट्रकांचे ब्रेक गेल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचल्यात, बाईकवाल्याला वाटतं ते ट्रकचं आहे. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, मग लांब उतारावर तापून आत वाफ होते आणि लिव्हर हँडलपर्यंत येतं. साधारण दोन वर्षांनी बदला. आणि उतरताना गिअर पाडा, न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवत बसू नका.

चॅरिटी राइडची खास चूक म्हणजे बॅनर. लोक हौसेने पुढे मोठं फ्लेक्स बांधतात आणि एअर-कूल्ड इंजिनची हवाच अडवतात, मागे झेंडा लावतात तो टेललाइटवर येतो, दोरी सुटून चेनकडे लोंबते. बॅनर छोटं आणि बाजूला बांधा. एक्स्ट्रा फॉग लाइट लावणार असाल तर वेगळा फ्यूज आणि रिले (जास्त करंट सांभाळणारा स्विच) पाहिजेच, हेडलाइटची वायर सोलून जोडू नका. आणि गाडीचा खर्च आपल्या खिशातून, देणगी थेट संस्थेच्या खात्यात, दोन्हीचा हिशोब एका डायरीत नको.

स्पेअरमध्ये क्लच वायर (जुनीच्या शेजारून आधीच ओढून ठेवली तर बदलायला दहा मिनिटं), ट्यूब, प्लग, फ्यूज, चेनलॉक (चेन जोडायची कडी), आणि मागच्या एक्सलचा पाना. त्या दिवशी सेंधव्याला आम्हा सात जणांकडे सात पॉवर बँक होत्या आणि पाना एकाकडेही नाही. शेवटी शेजारी उभ्या ट्रकच्या ड्रायव्हरने काढून दिला, मला गाडीवर बसवलं आणि लोड असताना स्वतः चेन ढिली केली. चहाचे पैसे घेईना. बॅनर दोनदा वाचलं आणि देणगीच्या डब्यात पन्नासची नोट टाकून गेला.