प्लाय कापण्याआधी पुठ्ठ्यावर ऐका

ओपन बॅफल स्पीकरला पेटी नसते, नुसती फळी असते. ती किती रुंद ठेवायची हे आधी कळत नाही आणि चुकीची कापली की १८ मिमीचा प्लाय वाया जातो. त्यासाठी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा वापरा, दुकानदार बहुतेक फुकट देतो.

१. पुठ्ठ्याचे दोन थर फेविकॉलने चिकटवा. एकाच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. रात्रभर वजनाखाली ठेवा.

२. भोकाचं माप स्पीकरच्या कडेच्या आतून घ्या. भोक बरोबर मध्यावर नको, थोडं एका बाजूला पाडा. चारही कडा सारख्या अंतरावर आल्या तर काही सूर दबतात.

३. चुंबकाखाली वीट किंवा लाकडी ठोकळा द्या, पुठ्ठा एकटा ते वजन पेलत नाही.

४. मागच्या भिंतीपासून तीनेक फूट पुढे ठेवून तबला किंवा पखवाज लावा. आता कटरने दोन्ही बाजूंनी बोटभर पट्ट्या कापत जा. डग्गा पोकळ वाटू लागला की थांबा, शेवटची पट्टी चिकटपट्टीने परत जोडा. तेवढीच रुंदी प्लायवर आखा.

खोलीत एवढी फळी मावत नसेल तर कडेला मागे वळणारे पंख लावूनही ऐकता येतं. मला तेच जास्त आवडतं.

सांभाळा: मागे कोंडलेली हवा नसल्याने खर्जात स्पीकरचा पडदा फार हलतो. बास वाढवून मोठ्याने लावाल तर पडद्यामागची कॉइल (तारेचं वेटोळं) आपटेल.