दोन शिक्षक, चार वर्ग आणि धर्मशिक्षणाच्या दोन तासिका

पहिली ते चौथी, पन्नास-साठ मुलं, दोन शिक्षक. मुलं ख्रिस्ती घरांतली तशीच आजूबाजूच्या वस्तीतलीही. ख्रिस्ती संस्थेने चालवलेल्या अशा मराठी माध्यमाच्या शाळेचं वर्षाचं नियोजन करताना पहिली गोष्ट पक्की करावी : भाषा, गणित आणि परिसर अभ्यास बालभारतीच्या पुस्तकांतूनच शिकवायचे. ‘ख्रिस्ती गणित’ नावाचा प्रकार नसतो. पाचवीला मूल दुसऱ्या शाळेत जातं आणि तिथे त्याला भागाकार यायलाच हवा. धर्मशिक्षणाला स्वतःची जागा द्यावी, बाकीच्या विषयांत त्याचं पाणी घालू नये.

जागा किती ते आधी हिशेबाने बघा. सोमवार ते शुक्रवार रोज ८ आणि शनिवारी ५, अशा ३५ मिनिटांच्या ४५ तासिका होतात, म्हणजे आठवड्याला सव्वासव्वीस तास. परिपाठ आणि खिचडीची सुट्टी यात धरू नये. धर्मशिक्षणाच्या दोन तासिका वजा केल्या की साधारण २५ तास उरतात. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, तरी किमान माप म्हणून हाच आकडा धरावा. ८०० तास ३२ आठवड्यांत भरतात. त्यापुढचे आठवडे परीक्षा, सहल, क्रीडास्पर्धा आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात जातात. म्हणून तिसरी तासिका वाढवायचा मोह टाळा, ती हमखास गणितातून कापली जाते.

संमतीपत्रात हयगय नको. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. यातला ‘उपासना’ हा शब्द बऱ्याचदा नजरेतून सुटतो. परिपाठातली येशूच्या नावाने केलेली प्रार्थनाही त्यात येते. प्रवेश अर्जाला वेगळा कागद जोडा, त्यावर धर्मशिक्षण आणि प्रार्थना यांसाठी दोन वेगळ्या चौकटी ठेवा आणि दर जूनमध्ये तो नव्याने भरून घ्या. संमती नसलेली मुलं व्हरांड्यात बसून राहिली तर ती शिक्षाच वाटते. त्यासाठी ही तासिका चारही वर्गांना एकाच वेळी लावावी : एक शिक्षक धर्मशिक्षण घेतील, दुसरे बाकीच्या मुलांना वाचनकोपऱ्यात गोष्टींची पुस्तकं देतील. दिवसाच्या शेवटी ठेवू नका, नाहीतर ती मुलं घरी पळतात आणि हजेरीचा घोळ होतो.

मुलं कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशी मिश्र असतील तर शब्द आधी ठरवून घ्या. चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेला वसईकडचं कॅथलिक मूल ‘मिस्सा’ म्हणेल, नगरकडचं प्रोटेस्टंट मूल ‘उपासना’, दोन्ही चालू द्या. बायबलमधल्या दहा आज्ञा मात्र क्रमांकाने विचारू नका. ‘चोरी करू नको’ ही कॅथलिक गणतीत सातवी आहे आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत आठवी. चाचणीत ‘आठवी आज्ञा लिहा’ असा प्रश्न आला की अर्ध्या मुलांचं बरोबर उत्तर चूक ठरतं. मुळात या विषयाला गुण किंवा श्रेणी नकोच. गोष्ट सांगता आली का, एवढी नोंद पुरे.

दुसऱ्या विषयाशी सांधा जुळवायचाच तर तो आपसूक जुळणारा निवडा. पेरणाऱ्याचा दाखला (मत्तय १३) घ्या : येशूच्या या गोष्टीत काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळ जागी उगवून उन्हाने करपतं, काही काटेरी झुडपांत गुदमरतं आणि काही चांगल्या जमिनीत पीक देतं. तेलाचे चार डबे आडवे कापून तळाला भोकं पाडा. पहिल्यात माती पायाने दाबून घट्ट करा. दुसऱ्यात खडी आणि वर जेमतेम एक सेंटिमीटर माती. तिसऱ्यात आठवडाभर आधी हरळी रुजवून ठेवा. चौथ्यात तीन भाग माती, एक भाग शेणखत. प्रत्येकात रात्रभर भिजवलेल्या मेथीचे ४० दाणे टाका, पहिल्या डब्यात नुसते वर. रोज प्रत्येकी एक कप पाणी, सहाव्या दिवसापासून दिवसाआड. उगवलेले कोंब मुलांनी मोजून तक्ता करायचा. हा परिसर अभ्यास आहे आणि तो सगळी मुलं करतील. दाखला वाचायचा तो मात्र धर्मशिक्षणाच्या तासिकेत.

जुलैत हा प्रयोग फसतो. हवा दमट असते, खडीवरची रोपं सुकत नाहीत आणि दाखल्यातलं ऊन कुठेच दिसत नाही. दिवाळीआधीच्या ऑक्टोबर हीटमध्ये करा, डबे उन्हात ठेवा. मुलांच्या हाती पाण्याचा मग सोपवला तर चौथ्या डब्यातलं बी कुजतं आणि ‘चांगली जमीन’ सर्वांत मागे पडते, म्हणून कप एकच आणि पाळी लावलेली. शेतकऱ्याची मुलं हमखास विचारतात, की वाटेवर बी टाकतंच कोण? पाभरीने (पेरणीच्या अवजाराने) पेरलं तर दाणा सरीतच पडतो. तेव्हा भाताच्या राबात (रोपं तयार करायच्या वाफ्यात) बी हाताने फोकतात, म्हणजे विखरून टाकतात, ते सांगा, म्हणजे दाखला एकदम उलगडतो.

येशूने पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत पाच हजार लोकांना जेवू घातलं, ती गोष्ट भागाकाराला घेऊ नका. पाच हजारांना भागलं की मुलाच्या हाती तुकडाही येत नाही, गोष्टही जाते आणि गणितही.

डिसेंबर हा सर्वांत गळका महिना. नाताळच्या नाटुकल्याचा सराव १० दिवस, रोज एक तासिका, तीही कला आणि कार्यानुभवाची. संवाद म्हणणं ही भाषेची तोंडी कामगिरी म्हणून आकारिक (वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या) नोंदीत घ्या, म्हणजे तो वेळ वाया जात नाही. नाताळची मोठी सुट्टी हवी असेल तर वर्षाच्या ७६ सुट्ट्यांत बसवून, दिवाळीची किंवा उन्हाळ्याची कमी करून आणि शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आधी काढून घ्या. ईस्टर तर जागा बदलतो : २०२५ मध्ये २० एप्रिलला होता, २०२७ मध्ये २८ मार्चला येतो. जूनमध्ये वेळापत्रक करतानाच पुढच्या उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) तारीख बघून दुसऱ्या सत्राची संकलित (सत्राअखेरची) चाचणी त्या आठवड्याबाहेर ठेवा आणि तोंडी परीक्षा त्याआधी उरकून घ्या.